पीएच सुधारला, झाड मेलं

तर झालं असं. गेल्या महिन्यात हापिसात जेवायच्या टेबलावर आमच्या टीममधल्या एका पोराने आवाज खाली करून विचारलं, "अरे, तुझ्या बाल्कनीत झाडं आहेत ना? मग सांग ना, त्या झाडाला मातीचा पीएच किती लागतो? सहा की साडेसहा?"

'ते झाड' म्हणजे कुठलं हे सांगायला नको. तुळस नव्हे, एवढं पुरे :)

त्याला आधी कायदा सांगितला. १९८५ चा एनडीपीएस कायदा. कलम ८ प्रमाणे गांजाचं झाड लावायला बंदी आणि कलम २० प्रमाणे लावलंच तर दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी, वर एक लाखापर्यंत दंड. "साहेब, कुंडीत एकच आहे हो," ही पळवाट चालत नाही, कारण कायद्याचे शब्द 'कोणतंही झाड' असे आहेत. होम लोन, आईबाबा, पुढच्या वर्षीचं लग्न, सगळं एका कुंडीवर लावणार का, असं विचारल्यावर पोरगं हसलं आणि म्हणालं, "नाही रे, सहज विचारलं. मग टोमॅटोला किती लागतो ते सांग."

इथे विषय संपायला हवा होता. पण माझं डोकं त्या प्रश्नात अडकून बसलं. कायदा राहू द्या बाजूला. त्याने ऊन किती येतं हे विचारलं नाही. पाणी कुठलं घालू, कुंडी केवढी घेऊ, माती कुठून आणू, काहीच नाही. त्याला थेट आकडा हवा होता, तोही दशांश चिन्हासकट. बॅनरवर लिहून टांगावं असं माझं मत आहे: आपण सॉफ्टवेअरवाले मातीला हात लावायच्या आधी तिचा डॅशबोर्ड मागतो, आणि मग डॅशबोर्ड हिरवा करण्याच्या नादात झाड मारतो.

हे मी वरून बोलत नाहीये. मी स्वतः एक झाड असं मारलंय. त्याचीच गोष्ट सांगणार आहे. पण आधी हा आकड्यांचा ताप आला कुठून ते बघू.

मातीचा पीएच असं नेटवर शोधा. जे पानं पानं सापडतं त्यातलं भरपूर लिखाण थंड देशांत, घरात दिव्याखाली झाडं वाढवणाऱ्या लोकांचं असतं, आणि त्यातले कितीतरी जण 'ते झाड'च वाढवत असतात. त्यांच्याकडे ते चालतं. कॅनडाने ऑक्टोबर २०१८ पासून बहुतेक प्रांतांत घरटी चार झाडं लावायला परवानगी दिली, जर्मनीने एप्रिल २०२४ पासून प्रौढ माणशी तीन. हे लोक झाड मातीत लावतातच असं नाही. बरेचदा पीट मॉसमध्ये लावतात, म्हणजे दलदलीत हजारो वर्षं कुजलेल्या शेवाळात. या पीटचा पीएच मुळात साडेतीन ते साडेचार, म्हणजे चांगलाच आंबट. त्यात चुनखडीची पूड घातल्याशिवाय फारसं काही उगवत नाही. वर पाऊस नाही, गांडूळ नाही, सगळं अन्न बाटलीतून. अशा ठिकाणी रोज पीएच बघणं शहाणपणाचंच आहे. त्यांचा सल्ला चुकीचा नाही. तो दुसऱ्या मशीनचं मॅन्युअल आहे, एवढंच. आणि आपण ते मॅन्युअल घेऊन पनवेलच्या पाचव्या मजल्यावरच्या कुंडीत डोकावतोय.

आता माझा गुन्हा.

आमचं मूळ गाव अलिबागच्या खारेपाटात, पोयनाडच्या बाजूला. आजीच्या परसात एक कढीपत्ता होता. आजी गेली, पुढे घर विकलं. विकायच्या आधी बाबांनी त्या कढीपत्त्याच्या मुळातून फुटलेलं एक पिल्लू काढून ओल्या गोणपाटात गुंडाळून आणलं. घरातून पितळेची भांडी आली, एक पाट आला आणि हे पिल्लू आलं. भांडी माळ्यावर गेली. पिल्लू बाल्कनीत, माझ्या ताब्यात.

मी व्यवस्थित कुंडी भरली. कोकोपीट, गांडूळखत, थोडी नर्सरीतली लाल माती. वर्षभर झाड मस्त. दुसऱ्या वर्षी पानं पिवळी पडायला लागली. बाबा म्हणाले, "अरे, कुंडी बघ जरा काढून." मी म्हटलं, "बाबा, असं अंदाजाने नाही करत. आधी मोजू." आणि ऑनलाइन एक पिवळं पीएच पेन मागवलं.

पेन म्हणालं ७.८. नेट म्हणालं ६ ते ६.५. बस, बग सापडला! पाण्यात व्हिनेगर घालून दिलं. तीन दिवसांनी ६.२. मी खूश. आठवड्याने पुन्हा साडेसात. मग 'पीएच डाऊन'ची बाटली आणली. ५.१ झाला. घाबरून 'पीएच अप'ची बाटली आणली. पिवळेपणा जाईना म्हणून अधूनमधून एकोणीस-एकोणीस-एकोणीस खत. सगळ्या नोंदी एक्सेलमध्ये, ग्राफसकट. सहा आठवड्यांनी ग्राफ सुंदर सपाट झाला, ६.५ वर. मी त्याचा स्क्रीनशॉट घेतला होता. त्याच आठवड्यात शेवटची पानं गळली आणि काडी उरली.

बाबा काहीच बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी कुंडी उलटी केली. खाली मुळांनी आणि कोकोपीटच्या लगद्याने भोक पार बुजलं होतं. पाणी खाली जातच नव्हतं. मुळं गुदमरली होती, पानं त्यामुळे पिवळी पडली होती. मूळ रोग एका काडीने बरा झाला असता.

मला मात्र तेवढ्याने समाधान होईना. त्या कुंडीतली माती मी पिशवीत भरून माती परीक्षणाला दिली. रिपोर्ट आला: सामू ६.९. क्षारता ३.४ डेसीसीमेन प्रति मीटर. सामू म्हणजे आपला पीएच, शेतीच्या मराठीत त्याला सामू म्हणतात. सामू फर्स्ट क्लास. क्षारता एकच्या आत असती तर निर्धास्त राहायचं, माझी तिपटीच्या वर. रिपोर्ट देणाऱ्या काकांनी कागद बघून विचारलं, "यात मीठ घातलंत का हो?"

घातलं होतं ना! सहा आठवडे, मापून.

जरा रसायनशास्त्र बघू. बारावीत शिकलोय सगळे, सीईटीनंतर विसरलो. आम्ल आणि आम्लारी यांची गाठ घालून दिली की पाणी आणि क्षार तयार होतो. 'पीएच डाऊन'मध्ये बहुधा फॉस्फोरिक आम्ल असतं आणि 'पीएच अप'मध्ये बहुधा पोटॅशियम हायड्रॉक्साइड किंवा कार्बोनेट. एक घातलं, मग दुसरं घातलं, आकडा परत मध्यावर आला. आकड्याच्या नजरेने काहीच झालं नाही. पण कुंडीत दोन्ही बाटल्यांचे क्षार शिल्लक राहिले. खाली भोक बंद, त्यामुळे ते वाहूनही जाणार नाहीत. त्यावर एकोणीस-एकोणीस, म्हणजे आणखी क्षार. मातीतल्या पाण्यात क्षार वाढले की मुळांना पाणी ओढता येत नाही, म्हणजे भिजलेल्या कुंडीत झाड तहानेने मरतं. पीएचचा ग्राफ सपाट होत होता आणि ज्याचा ग्राफ मी काढतच नव्हतो ते वर वर चाललं होतं. प्रॉडक्शन सपोर्टला बसलेल्या कुणालाही ही गोष्ट ओळखीची वाटेल. सीपीयू नॉर्मल आहे म्हणून आपण निवांत असतो, आणि डिस्क भरत असते.

दुसरं म्हणजे पीएच हा आकडा दिसतो तसा साधा नाही. सोरेन्सन नावाच्या डॅनिश रसायनशास्त्रज्ञाने १९०९ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत (हो, तीच बिअरवाली) ही पट्टी काढली. ती लॉगरिथमिक आहे. सात वरून सहा म्हणजे एकाने कमी नव्हे, आम्लता दसपट. सात वरून पाच म्हणजे शंभरपट. आणि माती स्वतः या बदलाला विरोध करते. चिकणमाती आणि कुजलेलं सेंद्रिय द्रव्य जितकं जास्त तितका विरोध जास्त. शेतात हा विरोध भक्कम असतो, दहा लिटरच्या कुंडीत तुटपुंजा. म्हणून शेतकऱ्याने पोतंभर चुनखडी टाकली तरी सामू हळूहळू हलतो, आणि आपण एक चमचा टाकला तरी कुंडी उडी मारते. उडी मारली की आपण उलटा चमचा टाकतो. फीडबॅक उशिरा येतो, करेक्शन मात्र लगेच होतं. असली सिस्टिम हेलकावे खाणार नाही तर काय करणार? इंजिनिअर आहोत ना आपण?

आता ते व्हॉट्सॅपवरचे घरगुती उपाय. एकेक घेऊ.

व्हिनेगर आणि लिंबू: यातलं आम्ल मातीतले जिवाणू काही दिवसांत खाऊन टाकतात. आकडा खाली जातो, परत वर येतो. माझ्याकडे झालं तेच.

कॉफीचा चोथा: बहुतेक आम्ल आपल्या कपात उतरलेलं असतं. उरलेला चोथा उदासीनच्या आसपास. कंपोस्टमध्ये टाका, छान आहे. पीएचसाठी नको.

अंड्याची टरफलं: चुनखडीच आहे, पण हाताने चुरलेली टरफलं विरघळायला वर्षं घेतात.

एप्सम सॉल्ट: मॅग्नेशियम सल्फेट. मॅग्नेशियम कमी असेल तर उपयोगी. पीएचशी फारसा संबंध नाही, क्षार मात्र नक्की वाढतात.

खायचा सोडा: आकडा वर जातो आणि सोबत सोडियम येतं. सोडियम मातीची रचनाच बिघडवतं. हा उपाय सांगणाऱ्याला ग्रुपमधून काढावं.

पानाचा चुना: ही चुनखडी नव्हे, भाजून विझवलेला चुना आहे. फार तिखट. कुंडीत मुळं भाजायला थोडासा पुरतो.

गंधक: खरोखर काम करतं, पण मातीतले जिवाणू त्याचं सावकाश आम्ल करतात तेव्हा. त्याला आठवडे, कधी महिने लागतात. वीकएंडला टाकून सोमवारी मोजणाऱ्याच्या कामाचं नाही.

आणि ते मोजायचं यंत्र! बॅटरी नसलेल्या दोन खिळ्यांच्या मीटरचा आकडा मातीच्या ओलीवर नाचतो, ते खेळणं आहे. पेन खरं असतं, पण त्याला ठरावीक पीएचच्या बफर द्रावणात नियमित जुळवून घ्यावं लागतं आणि टोक कोरडं पडू द्यायचं नसतं. शिवाय मोजायची रीत आहे. आपल्याकडच्या प्रयोगशाळेत एक भाग माती, अडीच भाग शुद्ध पाणी, ढवळून, थांबून मग मोजतात. मी काय केलं होतं? पेन खोक्यातून काढलं आणि ताटलीत साचलेल्या पाण्यात बुडवलं. म्हणजे ७.८ हा ज्या आकड्यावरून सगळं रामायण झालं, तोच मुळात भरवशाचा नव्हता.

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, "बाबा रे, छंद आहे. हजार रुपयांचं पेन आणि दोन बाटल्या. बिघडलं कुठे?" ठीक. पैशाचं काही नाही. बिघडलं ते असं की आपण जिथे राहतो तिथल्या मातीबद्दल सगळ्यात जास्त ज्ञान जिथे आहे, तिकडे आपण ढुंकूनही बघत नाही.

पनवेलमध्ये खार जमीन संशोधन केंद्र आहे. माहीत होतं? मला नव्हतं, आणि मी इथे अकरा वर्षं राहतोय. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं हे केंद्र. भरतीचं पाणी शिरून खारट झालेल्या जमिनीत पीक कसं घ्यायचं, हाच त्याचा विषय. पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ अशा भाताच्या जाती आहेत, खारट जमिनीत तग धरणाऱ्या. आपल्या गावाच्या नावाने भात आहे मंडळी! त्याही आधीपासून काळा रता, भुरा रता हे भात कोकणातल्या खार जमिनीत होत आले. आणि आपल्याला पनवेल म्हटलं की एक्स्प्रेसवे, फार्महाऊस, आणि आता विमानतळ.

विमानतळाचं निघालंच आहे तर. ८ ऑक्टोबर २०२५ ला त्याचं उद्घाटन झालं. त्यासाठी उलव्याची टेकडी कापली आणि सखल दलदलीच्या जागेत भराव घातला. १९७० मध्ये सिडको आल्यापासून या पट्ट्यात हेच चाललंय. खाडीकाठची भातशेती आणि मिठागरं खाली, त्यावर मुरूम, त्यावर टॉवर, टॉवरच्या पोडियमवर ट्रकने आणलेली लाल माती, आणि त्यावर लॉन. मी विकासविरोधी वगैरे नाही. मी त्याच टॉवरमध्ये राहतो आणि विमानाने जायला मलाही आवडेल. पण निदान आपल्या पायाखाली काय आहे ते कळावं की नाही?

लाल मातीचंही ऐका. कोकणची जांभ्याची माती मुळात आम्लधर्मी, कारण वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस तिच्यातला कॅल्शियम, मॅग्नेशियम धुऊन नेतो. घाटावरच्या काळ्या मातीचं उलटं. तिथे पाऊस कमी, चुनखडी भरपूर, सामू आठच्या आसपास. म्हणजे नगरच्या मावशीने सांगितलेला उपाय पनवेलच्या मातीला उलटा पडू शकतो. दोघी मराठीत बोलतात म्हणून माती एक होत नाही. कुंडीत तर यातलं काहीच धड नसतं. अर्धं कोकोपीट (नीट धुतलेलं नसेल तर तेच खारट असतं), थोडी कुठल्यातरी डोंगराची माती, आणि कधी धरणाचं तर कधी टँकरचं पाणी. बोअरचं जड पाणी महिनोन् महिने घातलं तर सामू आपोआप वर सरकतो. नवी सिमेंटची कुंडी असेल किंवा मातीत बांधकामाचा राबिट पडला असेल तरी तेच. या सगळ्याला नेटवरचा एकच आकडा?

आमच्या खारेपाटातल्या माणसाकडे पेन नव्हतं, पण शब्द होते. घाटावरच्यांकडेही आहेत. खारवट जमीन वेगळी, चोपण जमीन वेगळी. खारवटीत विरघळणारे क्षार जास्त, पण सामू साडेआठच्या खाली. निचरा करून गोड्या पाण्याने धुतली की सुधारते. चोपणीत मातीच्या कणांना सोडियम चिकटलेलं असतं, सामू साडेआठच्या वर, पाणी मुरत नाही. तिला नुसतं धुऊन भागत नाही, जिप्सम लागतं. दोन रोग, दोन नावं, दोन उपाय. आपल्याकडे मात्र एक पेन आणि दोन बाटल्या, सगळ्या रोगांवर.

आजोबा खारेपाटात भात करायचे. खाडीच्या बाजूला बंधारा, बंधाऱ्याला उघाडी. भरती आली की तिचं दार पाण्याच्या जोराने मिटायचं, ओहोटीला उघडायचं. बाहेरचं खारं पाणी आत नाही, आतलं पावसाचं पाणी बाहेर. उन्हाळ्यात जमिनीतला क्षार ओलीबरोबर वर येऊन पांढरी पापडी धरायची. पहिले पाऊस ती धुवायला सोडून द्यायचे, मग मोड आलेलं भात फेकून पेरायचं. आजोबांना पीएच हा शब्द माहीत नव्हता. त्यांना एवढं पक्कं माहीत होतं की मीठ खाली धुवायचं आणि बाहेर काढायचं, आणि बाहेर जायला वाट नसेल तर धुण्याला अर्थ नाही.

सांगली-कोल्हापूरकडे क्षारपड जमिनींचं जे झालं तेही याच गणिताने. उसाला पाणी भरपूर, निचरा नाही, क्षार वर. तिथले शेतकरी आता जमिनीखाली भोकं पाडलेले पाइप पुरून पाणी बाहेर काढतात. माझ्या कुंडीत बुजलेलं भोक आणि कृष्णाकाठची क्षारपड जमीन यात फरक आहे तो फक्त आकाराचा.

आणि आमचं शेत? बंधारा फुटला, वेळेत बांधला गेला नाही, भरतीचं पाणी आत येत राहिलं. महाराष्ट्रात १९७९ पासून खार जमीन विकासाचा कायदा आहे, बंधाऱ्यांसाठीच. पण बंधारा माणसांना दरवर्षी सांभाळावा लागतो, आणि सांभाळणारी पिढी माझ्यासारखी कंपनीच्या बसमध्ये बसून निघून गेली. शेतात आता पाणी आणि तिवरं आहेत. त्या जमिनीचा सामू किती, हे मी कधी विचारलं नाही. ज्या खानदानाने पिढ्यान् पिढ्या मीठ मातीतून बाहेर काढलं, त्यातल्या पहिल्या इंजिनिअरने एका कुंडीत मीठ घालून आजीचा कढीपत्ता मारला. यावर मला हसू येत नाही.

असो. भांडून झालं, आता कामाचं.

एक. झाड पिवळं दिसलं की आधी भोक बघा. काडी घाला. ताटलीत साचलेलं पाणी फेका.

दोन. क्षार साचल्याचा संशय असेल (मातीवर, कुंडीच्या कडेला पांढरी पापडी, पानांची टोकं करपलेली) तर निचरा मोकळा करून साधं पाणी सावकाश घाला, कुंडीच्या मापाच्या दुप्पट-तिप्पट, आणि खालून वाहून जाऊ द्या. जून ते सप्टेंबरमध्ये कुंडी सरळ पावसात ठेवा. हे आपल्याकडे फुकट मिळतं, जर्मनीतल्या तळघरात मिळत नाही.

तीन. महिनाभर खत बंद. मातीवर वाळलेली पानं पसरा, म्हणजे ओल आणि क्षार वर कमी येतील.

चार. एवढं करूनही नवीन पानं पिवळी आणि शिरा हिरव्या अशी येत असतील, तर कदाचित खरंच सामू चढलाय आणि लोह मिळत नाहीये. तेव्हा मोजा, पण नीट. शक्यतो माती परीक्षण करून घ्या. शेतकऱ्यांना २०१५ पासून जी मृदा आरोग्य पत्रिका मिळते तिच्यात बारा गोष्टी असतात, त्यात सामूच्या जोडीला क्षारताही असते. एकटा सामू कुणी शहाणा माणूस वाचत नाही.

पाच. रिपोर्टमध्ये सामू सहा ते साडेसात असेल तर हात जोडून दूर व्हा. बहुतेक भाज्या, कढीपत्ता, मोगरा, जास्वंद, सगळं त्यात चालतं. चांगलं कुजलेलं कंपोस्ट घाला. मातीचा तो विरोध, तिची स्वतःला सांभाळायची ताकद, त्यानेच वाढते. आकडा ओढण्यापेक्षा आकडा न हलू देणारी माती करा.

त्या पोराला मी दुसऱ्या दिवशी हे सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हणजे पेन नको घेऊ?" माझं पेन त्याला देऊ केलं, एका अटीवर: वापरायच्या आधी घरातली प्रत्येक कुंडी उचलून खाली बघायचं. सोमवारी आला आणि म्हणाला, सातपैकी चार कुंड्यांची भोकं बंद होती. पेन त्याने नेलंच नाही.

तुमच्याकडे किती आहेत? आज रविवार आहे. चहा झाला की एक तांब्या पाणी घाला आणि ते खालून यायला किती वेळ लागतो ते बघा. हे मोजायला मोबाइलमधलं घड्याळ पुरतं.